साइट तुमचा जुना पासवर्ड का सांगत नाही? उत्तर देवळालीच्या एका मास्तरांच्या वहीत सापडतं

कोणत्याही साइटवर जा आणि ‘पासवर्ड विसरलात?’ यावर बोट ठेवा. ओटीपी येईल, नवा पासवर्ड ठेवायला सांगतील, दोनदा टाइप करून घेतील. पण जुना पासवर्ड काय होता, ते काही सांगणार नाहीत.

बऱ्याच जणांना वाटतं की सुरक्षेचा नियम असेल म्हणून सांगत नसतील. खरी गोष्ट अशी की साइट नीट बनवलेली असेल तर तिलाच तो माहीत नसतो. तिच्याकडे तो कुठेच लिहिलेला नसतो.

मग रोज लॉगिन करताना तिला बरोबर-चूक कळतं कसं?

हे समजून घ्यायला कॉम्प्युटर लागत नाही. कागद, पेन्सिल आणि एका शाळामास्तरांची ओळख पुरते. मास्तरांचं नाव दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. पासवर्ड हा त्यांचा विषय कधीच नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. कारण व्हॉट्सअ‍ॅपवर असल्या गोष्टी फिरताना मराठी माणसाच्या नावावर काहीही जमा होतं. कापरेकरांचं गणित आज कुठल्या सर्व्हरमध्ये वापरलं जात नाही. पण पासवर्ड जपून ठेवणाऱ्यांना जे प्रश्न पडतात, तेच प्रश्न हा माणूस देवळालीत बसून साध्या आकड्यांना विचारत होता.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ चा, डहाणूचा. आठ वर्षांचे असताना आई गेली. वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाचा नाद होता. ज्योतिषावर तुमचा विश्वास असो नसो, पत्रिका मांडायची तर आकडेमोड पक्की लागते. पोराला आकड्यांची गोडी लागली ती तिथून. शाळा ठाण्याला झाली. १९२३ मध्ये ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात आले आणि १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजप्यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक मिळालं. ते स्वतंत्र, नव्या कामासाठी दिलं जायचं. १९२९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी हातात आली.

इथपर्यंत वाचून वाटेल की आता एम.ए., मग परदेश, मग प्रोफेसरकी. तसं काही झालं नाही. पुढच्याच वर्षी ते नाशिकजवळ देवळालीला शाळेत शिकवायला लागले आणि १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत शिकवतच राहिले. पदवीच्या पुढचं गणिताचं शिक्षण त्यांनी घेतलं नाही.

शाळा सुटली की आकडे. प्रवासात आकडे. मुंबईपासून तीसेक मैलांवर जीआयपी रेल्वेचं डेमलो नावाचं स्टेशन होतं, म्हणजे आजचं डोंबिवली. तिथे त्यांना १, १२१, १२३२१ अशा संख्यांच्या कुटुंबाबद्दल काही सुचलं, तर त्यांनी त्या संख्यांचं नावच ‘डेमलो’ ठेवून दिलं. आकड्यांच्या बेरजेने निःशेष भाग जातो अशा संख्यांना ‘हर्षद’ म्हटलं, म्हणजे हर्ष देणाऱ्या. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० अधिक २५ पुन्हा ४५. अशा संख्या आज जगभर ‘कापरेकर संख्या’ म्हणून ओळखल्या जातात.

पण त्यांचं नाव जिच्यामुळे गाजलं ती संख्या म्हणजे ६१७४.

चंद्रपूरचा पिनकोड घेऊन बघू

खेळ असा आहे. चार आकडे घ्या, फक्त चारही सारखे नकोत. ते मोठ्याकडून लहानाकडे लावा. मग लहानाकडून मोठ्याकडे लावा. मोठ्या संख्येतून लहान वजा करा. जे उत्तर येईल त्याच्यावर पुन्हा तेच करा.

चंद्रपूरचा पिनकोड ४४२४०१. त्यातले शेवटचे चार आकडे २४०१.

४२१० − ०१२४ = ४०८६
८६४० − ०४६८ = ८१७२
८७२१ − १२७८ = ७४४३
७४४३ − ३४४७ = ३९९६
९९६३ − ३६९९ = ६२६४
६६४२ − २४६६ = ४१७६
७६४१ − १४६७ = ६१७४

आणि आता ६१७४ वर हेच केलं तर पुन्हा ७६४१ − १४६७, म्हणजे पुन्हा ६१७४. गाडी इथे थांबली. कुठलेही चार आकडे घ्या, जास्तीत जास्त सात पावलांत ६१७४ येतंच. चंद्रपूरला बरोबर सात लागली.

गडचिरोलीचा पिनकोड ४४२६०५. शेवटचे चार २६०५.

६५२० − ०२५६ = ६२६४
६६४२ − २४६६ = ४१७६
७६४१ − १४६७ = ६१७४

तीन पावलांत खेळ संपला. पण जरा वर जाऊन बघा. गडचिरोलीचं पहिलंच उत्तर ६२६४ आलं. चंद्रपूरचं पाचवं उत्तरही ६२६४ होतं. त्यापुढे दोघांचा रस्ता एकच.

समजा, कुणी तुमच्या हातात फक्त ६२६४ लिहिलेली चिठ्ठी दिली आणि विचारलं, ही चंद्रपूरहून आली की गडचिरोलीहून? सांगता येणार नाही. आणि प्रश्न या दोघांपुरता नाहीच. एकाच पावलात ६२६४ वर येऊन पडतील असे चार आकड्यांचे तब्बल २८८ क्रम आहेत. सगळे आकडे सारखे नसलेले एकूण ९,९९० क्रम आहेत आणि पहिल्याच वजाबाकीत ते सगळे मिळून फक्त ५४ उत्तरांत कोंबले जातात. पुढे जाताना माहिती गळत जाते. मागे फिरायला निघालात की प्रत्येक पायरीवर ढीगभर फाटे फुटतात.

विदर्भात राहणाऱ्यांनी हे बल्लारशाहला पाहिलेलं आहे. चंद्रपूर शहराला दोन स्टेशनं. वर्धा-वरोऱ्याकडून येणारी गाडी चंद्रपूर स्टेशनवरून येते. गोंदियाकडून, वडसा-नागभीडमार्गे येणारी चांदा फोर्टवरून. दोन्ही रूळ बल्लारशाहला मिळतात आणि पुढे काझीपेठेकडे एकच वाट. सिरपूर कागजनगरच्या प्लॅटफॉर्मवर उतरलेल्या माणसाकडे नुसतं बघून तो वरोऱ्याहून आला की वडशाहून, हे कळणार नाही.

कापरेकरांना ६१७४ ची ही गंमत १९४६ मध्ये सापडली आणि १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ती मांडली. आज तिला ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणतात.

जनक नसलेल्या संख्या

आता त्यांचं दुसरं काम. ते ६१७४ एवढं प्रसिद्ध नाही, पण पासवर्डच्या जास्त जवळचं आहे.

एखादी संख्या घ्या आणि तिच्यात तिच्याच आकड्यांची बेरीज मिळवा. २३ घेतले तर २ अधिक ३ म्हणजे ५, आणि २३ अधिक ५ म्हणजे २८. कापरेकर म्हणत की २३ हा २८ चा जनक. २८ पासून पुढे ३८, मग ४९, असं वंश वाढत जातो.

इथे साधारण माणूस थांबतो. कापरेकरांनी उलटं विचारलं. प्रत्येक संख्येला जनक असतोच का?

नसतो. २० घ्या. १४ पासून १९ येतात, १५ पासून २१ येतात, २० कुठूनच येत नाहीत. बाकीच्याही संख्या तपासून बघा, मिळणार नाही. अशा बिनबापाच्या संख्यांना त्यांनी ‘सेल्फ नंबर’ म्हटलं. मराठीत स्वयंभू संख्या. १, ३, ५, ७, ९, मग २०, ३१, ४२, ५३ अशा त्या पुढे जात राहतात.

मग पुढचा प्रश्न. एकाच संख्येला दोन जनक असू शकतात का? असतात. ९१ मध्ये १० मिळवले की १०१ येतात आणि १०० मध्ये १ मिळवला तरी १०१ च येतात. अशा संख्यांना त्यांनी नाव दिलं ‘जंक्शन’. स्टेशनवर बसून गणितं सुचणाऱ्या माणसाला हा शब्द सुचला नसता तरच नवल.

आणि तिसरा प्रश्न. संख्या स्वयंभू आहे की नाही, हे सगळे आकडे एकेक करून न तपासता ओळखता येईल का? त्याची युक्तीही कापरेकरांनी शोधली. हे सगळं त्यांनी १९६३ च्या सुमाराला एका छोट्या पुस्तिकेत छापलं, स्वतःच्या खर्चाने, देवळालीच्या पत्त्यावरून.

स्वतःच्या खर्चाने, कारण दुसरं कोणी छापेना. त्यांचे लेख बहुतेक किरकोळ नियतकालिकांत येत. भारतातल्या अनेक गणितज्ञांना हे काम पोरखेळ वाटायचं. आकड्यांची अदलाबदल करून वजाबाकी करायची, याला काय गणित म्हणायचं? परिषदांना मास्तर पदरचं तिकीट काढून जायचे, आपलं सांगायचे आणि परत येऊन वर्गावर उभे राहायचे. टीका करणाऱ्यांचं पूर्ण चुकलं असंही म्हणता येत नाही. या कामातून त्या काळी कुठलं मोठं प्रमेय निघालं नव्हतं. चूक झाली ती एवढीच की प्रश्न कसले आहेत हे त्यांनी नीट पाहिलं नाही.

पासवर्डच्या वहीची गोष्ट

कापरेकर निवृत्त झाले त्या १९६० च्या दशकातच पासवर्ड जन्माला येत होते. अमेरिकेत एमआयटीमध्ये सीटीएसएस नावाची व्यवस्था होती. एकच अवाढव्य कॉम्प्युटर अनेक जण वाटून वापरायचे. प्रत्येकाचं खातं, प्रत्येकाचा पासवर्ड. आणि सगळे पासवर्ड एका फाइलमध्ये जसेच्या तसे लिहिलेले.

एकदा तिथे घोळ झाला. दोन फाइल्सची अदलाबदल झाली आणि लॉगिन करणाऱ्याला आजची सूचना दिसायची त्या जागी पासवर्डची अख्खी यादी दिसायला लागली. चोरी नाही, हॅकर नाही, नुसती गफलत.

यावर पहिला विचार कुणाच्याही मनात येईल तो म्हणजे फाइलला कुलूप लावा. पण कुलूप म्हटलं की किल्ली आली, किल्ली म्हटली की ती ठेवायची जागा आली. जो सर्व्हर फोडून फाइल नेईल तो किल्लीही नेईल.

इंग्लंडमध्ये केंब्रिजला रॉजर नीडहॅम यांनी वेगळी वाट काढली. मॉरिस विल्क्स यांच्या १९६८ च्या पुस्तकात ती नोंदलेली आहे. पासवर्ड ठेवायचाच नाही. त्याच्यावर अशी क्रिया करायची की पुढे जाणं सोपं आणि मागे येणं अशक्यप्राय. त्या क्रियेचं उत्तर तेवढं जपून ठेवायचं. माणूस लॉगिनला आला की त्याने टाइप केलेल्या शब्दावर पुन्हा तीच क्रिया करायची आणि दोन उत्तरं जुळतात का ते बघायचं. जुळली तर आत. टाइप केलेला शब्द तिथेच विसरायचा.

या क्रियेला आज हॅश म्हणतात. इंग्रजीत त्या शब्दाचा घरगुती अर्थ बारीक चिरून केलेली कालवाकालव असा आहे. आपल्याकडे जवसाची चटणी म्हणू. जवस, तिखट, मीठ घालून वाटली की चटणी तयार. पण चटणीपासून जवसाचे दाणे परत करून दाखवा. त्याच मापाने, त्याच जिनसांनी वाटली तर चटणी दरवेळी तशीच होईल, एवढी खात्री मात्र असते. लॉगिनला नेमकी तीच लागते.

म्हणून साइट तुम्हाला जुना पासवर्ड सांगू शकत नाही. तिच्याकडे चटणी आहे, जवस नाही. आणि एखादी साइट तुमचा जुना पासवर्ड ईमेलने जसाच्या तसा पाठवत असेल, तर तो तिने कुठेतरी परत वाचता येईल असा ठेवलाय. तोच पासवर्ड तुम्ही बँकेतही वापरत असाल तर आजच बदला.

मग कापरेकरांची क्रिया का वापरत नाहीत?

कारण ती फुटते आणि कशी फुटते ते बघण्यासारखं आहे.

६१७४ चा खेळ पासवर्डला लावला तर सगळ्यांचं उत्तर एकच येईल. चंद्रपूरवाल्याच्या खात्यात गडचिरोलीवाला आपल्या पासवर्डने घुसेल. दोन वेगळ्या गोष्टींचं एकच उत्तर येणं याला हॅशच्या जगात टक्कर म्हणतात, कापरेकरांचं जंक्शन. ती पूर्ण टाळता येत नाही, पण उत्तरांची जागा इतकी प्रचंड ठेवतात की टक्कर शोधूनही सापडू नये. एसएचए-२५६ नावाच्या हॅशची शक्य उत्तरं मोजायला ७८ आकडी संख्या लागते. याउलट एमडी-५ नावाचा १९९१ चा हॅश एके काळी सगळीकडे होता, पण २००४ मध्ये चीनच्या वांग शियाओयुन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यात टक्कर काढून दाखवली.

आता आकड्यांची बेरीज मिळवायची क्रिया घ्या. १०१ कुठून आले ते शोधायचंय. सगळ्या संख्या तपासायची गरज नाही. कुठल्याही संख्येला ९ ने भागून जी बाकी उरते तीच तिच्या आकड्यांच्या बेरजेला भागूनही उरते, हे शाळेत शिकवलेलं असतं. त्यामुळे उत्तर बघूनच जनकाला ९ ने भागल्यावर काय उरेल ते कळतं. १०१ साठी ती बाकी १ येते. म्हणजे फक्त १००, ९१, ८२ असं नऊ-नऊने मागे जायचं. १०० जमतं, ९१ जमतं, ८२ जमत नाही. तीन प्रयत्नांत दोन्ही जनक हातात.

उत्तरातून मूळ गोष्टीबद्दल एवढीशी माहिती सांडली तरी चोराचं काम नऊ पटींनी हलकं होतं. वरून किचकट दिसणारी क्रिया आतून अशी गळत असते. म्हणूनच अ‍ॅप बनवणाऱ्यांना पहिल्या दिवशी सांगितलं जातं की स्वतःचा हॅश स्वतः तयार करू नका. ज्याच्यावर जगातल्या तज्ज्ञांनी वर्षानुवर्षं डोकं आपटून घेतलंय तोच वापरा.

चोर मागे येतच नाही

पण चांगला हॅश वापरला तरी एक गोष्ट उरते. मागे येता येत नाही, ठीक. चोर मागे यायच्या भानगडीत पडतच नाही. तो पुढे जातो. लोक काय पासवर्ड ठेवतात ते त्याला माहीत असतं. गावाचं नाव, पुढे १२३. नाव, @, जन्मसाल. अशा कोट्यवधी अंदाजांचे हॅश काढून ठेवायचे आणि चोरलेल्या यादीशी जुळवत बसायचं.

त्यातही, दोन माणसांचा पासवर्ड एकच असेल तर त्यांचा हॅशही एकच. एकाचा फुटला की दुसऱ्याचा फुकटात. २०१२ मध्ये लिंक्डइनच्या सुमारे ६५ लाख पासवर्डचे हॅश बाहेर आले, ते असेच उघडेवाघडे होते आणि लोकांनी ते भराभर फोडले.

उपाय मात्र तेव्हा जुना झाला होता. १९७९ मध्ये रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी युनिक्सच्या पासवर्डवर एक लेख लिहिला, त्यात तो आहे. प्रत्येक खात्यासाठी मशीनने एक वेगळी, सोडत काढल्यासारखी संख्या निवडायची, ती पासवर्डमध्ये मिसळायची आणि मग हॅश काढायचा. या चिमूटभर भरीला ‘सॉल्ट’ म्हणतात, म्हणजे मीठच. आता चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या दोघांनी ‘ताडोबा१२३’ ठेवलं तरी डेटाबेसमधली उत्तरं पूर्ण वेगळी. हे मीठ गुपित नसतं, हॅशच्या शेजारीच लिहिलेलं असतं. लपवण्यासाठी ते नाहीच. चोराला आधीच करून ठेवलेली तयार यादी कामाला येऊ नये आणि प्रत्येक खात्यासाठी त्याला पुन्हा पहिल्यापासून राबावं लागावं, यासाठी ते आहे.

त्याच लेखात दुसरीही गोष्ट होती. क्रिया एकदा करून थांबायचं नाही, २५ वेळा करायची. कशाला? हळू व्हावं म्हणून.

कॉम्प्युटरमध्ये सगळं वेगवान हवं असतं, एवढी एक जागा सोडून. इथे मंदपणा हा गुण आहे. हिशोब करून बघू. इंग्रजीतली आठ लहान अक्षरं, कशीही निवडलेली. असे सुमारे २०,९०० कोटी पासवर्ड होतात. झटपट चालणाऱ्या हॅशचे सेकंदाला १०० कोटी प्रयत्न होतात असं धरलं, आणि आजची ग्राफिक कार्डं याहून पुष्कळ पुढे आहेत, तरी सगळे तपासायला साडेतीन मिनिटं पुरतात. तोच हॅश एका प्रयत्नाला पाव सेकंद घेणारा असेल तर एका मशीनला सुमारे १,६५० वर्षं. लॉगिन करताना पाव सेकंद तुम्हाला जाणवतही नाही. चोराला मात्र तोच पाव सेकंद प्रत्येक अंदाजाला मोजावा लागतो.

मशीनं वेगवान होत गेली तशी ही संख्याही चढत गेली. १९७९ ला २५ वेळा होतं, आज पीबीकेडीएफ-२ नावाच्या पद्धतीत एसएचए-२५६ वापरायचा तर सहा लाख वेळा फिरवायची शिफारस आहे. १९९९ च्या बीक्रिप्टमध्ये तर एक आकडा असतो, तो एकने वाढवला की मेहनत दुप्पट होते. २०१५ मध्ये जागतिक स्पर्धा जिंकलेला आर्गॉन-२ त्याच्याही पुढे जाऊन वेळेबरोबर मेमरीही भरपूर खातो, म्हणजे चोराला हजारो छोटी मशीनं एकदम जुंपणं महाग पडतं.

इथे एक शंका रास्त आहे. तीच क्रिया पुन्हा पुन्हा केली तर सगळे ६१७४ सारखे एका जागी नाही का गोळा होणार? पद्धती बनवणाऱ्यांनाही हे ठाऊक आहे. म्हणून पीबीकेडीएफ-२ मध्ये प्रत्येक फेरीत मूळ पासवर्ड पुन्हा मिसळतात, नुसत्या उत्तरावर क्रिया करत बसत नाहीत.

आणि एका ठिकाणी हे सगळंच लंगडं पडतं. चार आकडी पिन. एकूण दहा हजार शक्यता. पाव सेकंदाचा हॅश लावला तरी पाऊण तासाच्या आत सगळ्या तपासून होतात. तुमच्या एटीएम कार्डाचा पिन हॅशच्या ताकदीवर टिकत नाही, काही वेळा चुकलात की कार्ड अडवलं जातं म्हणून टिकतो.

शिकवण्या आणि अमेरिकेतलं मासिक

मास्तरांकडे परत येऊ.

निवृत्तीनंतरची वर्षं सोपी गेली नाहीत. १९६६ मध्ये पत्नी वारली. पेन्शनमध्ये भागेना. अगदी कमी खर्चात राहून, गणित-विज्ञानाच्या शिकवण्या करून त्यांनी दिवस काढले. आकडे सोडले नाहीत. पुस्तिका छापायचे, पत्रं लिहायचे, बोलावलं तिथे जाऊन खेळ करून दाखवायचे. शाळेच्या पोरांना फार आवडायचं, कारण यात कळायला काही कठीण नव्हतं आणि शेवटी काय होणार ते तर सांगता येत नव्हतं.

मग १९७५ चा मार्च आला. अमेरिकेतल्या ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात मार्टिन गार्डनर गणिताच्या कोड्यांचं सदर लिहीत आणि जगभरचे गणितज्ञ ते आवर्जून वाचत. त्या महिन्यात गार्डनरनी कापरेकरांवर लिहिलं. स्वयंभू संख्या, जनक, ओळखायची युक्ती, सगळं. सत्तरीतल्या मास्तरांचं नाव एकदम जगभर गेलं. ज्या कामाला इथे पोरखेळ म्हटलं गेलं त्यावर परदेशातल्या विद्यापीठांतून लेख यायला लागले.

नाव झालं म्हणून घर बदललं नाही. देवळालीतच ते राहिले आणि १९८६ मध्ये तिथेच गेले.

आता वरच्या खेळातलं एक उरलंय. पिनकोड सहा आकडी असतो आणि आपण चारच घेतले होते. सहाच्या सहा घेतले तर काय होतं?

चंद्रपूर, ४४२४०१. पहिल्या वजाबाकीत ४३१७६६, दुसऱ्या वजाबाकीत ६३१७६४, आणि तिथेच मुक्काम. गडचिरोली, ४४२६०५. ६२९९६४, ७४९९४३, ६५२६४४, मग ४२०८७६. इथून पुढे ८५१७४२, ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४ आणि पुन्हा ४२०८७६. सात संख्यांचं हे चक्र थांबतच नाही. सहा आकड्यांत ५४९९४५ नावाचा आणखी एक मुक्काम आहे. तुमच्या गावाचा पिनकोड या तिघांपैकी कुठे जातो ते बघायला पाच मिनिटं लागतील.